सुपरमॅनचा नवा चेहरा: सोलापूरच्या प्रेक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

११ जुलै २०२५ रोजी जेम्स गन यांनी दिग्दर्शित केलेला ‘सुपरमॅन’ प्रदर्शित झाला आणि २०१३ पासून हेन्री कॅविल यांच्या चेहऱ्याशी जोडली गेलेली भूमिका डेव्हिड कोरेन्स्वेट या तुलनेने अपरिचित नटाने पडद्यावर साकारली. तेव्हापासून नव्या पेठेतल्या गप्पांत, महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी करणाऱ्या पालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येत आहेत, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरांत कथानकाचा उल्लेख अपरिहार्य आहे, तेव्हा ज्यांनी चित्रपट अजून पाहिलेला नाही त्यांनी ती उत्तरे नंतर वाचावीत. या उत्तरांमागची भूमिका आधीच स्पष्ट केलेली बरी: थोर भूमिका कोणा एका नटाच्या मालकीची नसते आणि तिच्यात येणाऱ्या नव्या नटाचे मोजमाप त्याच्या कामावरूनच व्हायला हवे, असे आम्हाला मनापासून वाटते.

हेन्री कॅविल यांना काढून टाकले का?

त्यांच्या अभिनयाविषयी तक्रार होती म्हणून त्यांना बाजूला केले, असे झालेले नाही. २०१३, २०१६ आणि २०१७ अशा तीन चित्रपटांत मुख्य कलावंत म्हणून काम केल्यानंतर कॅविल ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘ब्लॅक ॲडम’ या चित्रपटाच्या शेवटी क्षणभर दिसले आणि आपण या भूमिकेत परतत आहोत, असे त्यांनी स्वतः जाहीरही केले. मात्र त्याच सुमारास सुपरमॅनचे चित्रपट काढणाऱ्या डीसी स्टुडिओजची सूत्रे जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन यांच्याकडे आली आणि सगळ्या कथा नव्याने मांडण्याचे ठरले. नव्या मांडणीतला सुपरमॅन वयाने तरुण असणार होता. त्यामुळे डिसेंबर २०२२ मध्ये आपण परतणार नसल्याचे कॅविल यांना चाहत्यांना सांगावे लागले.

परतीची घोषणा आणि माघार यांत जेमतेम दोन महिन्यांचे अंतर होते. चाहत्यांच्या मनाला जी जखम झाली ती या दोन महिन्यांमुळे झाली आणि त्यांचे दुःख खोटे नव्हते, हे मान्य करायला हवे. पण निर्णय ज्यांनी घेतला त्यांच्यावरचा राग ज्याने केवळ चाचणी दिली त्या नटावर काढणे, हे आम्हाला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

डेव्हिड कोरेन्स्वेट कोण आहेत? इतका नवखा नट का निवडला?

कोरेन्स्वेट यांचा जन्म १९९३ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात झाला आणि न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या नामवंत संस्थेत त्यांनी नाट्यशिक्षण घेतले. क्रिस्टोफर रीव्ह, म्हणजे १९७८ चे सुपरमॅन, हेही याच संस्थेचे विद्यार्थी होते. सोलापूरकरांना या वाटेचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही, कारण अतुल कुलकर्णी यांनी इथल्या हौशी रंगभूमीवर सुरुवात केली, पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात रीतसर शिक्षण घेतले आणि मगच ते पडद्यावर आले. नाटकाच्या तालमीतून आलेला नट शरीर आणि आवाज वेगवेगळे वापरू शकतो, आणि दुहेरी ओळख असलेल्या या भूमिकेला नेमके तेच लागते.

कोरेन्स्वेट अगदीच नवखे होते, असेही नाही. काही वेब मालिकांत आणि २०२२ च्या ‘पर्ल’ या भयपटात त्यांनी काम केले होते. सुपरमॅन साकारण्याची इच्छा तर त्यांनी २०१९ मध्येच एका मुलाखतीत बोलून दाखवली होती आणि ही व्यक्तिरेखा पुन्हा एकदा प्रसन्न, आशावादी रूपात पाहायला आवडेल, असेही ते म्हणाले होते. जून २०२३ मध्ये त्यांची निवड जाहीर झाली. अंतिम चाचणीला उतरलेल्यांत निकोलस होल्ट हेही होते. ते सुपरमॅन झाले नाहीत, पण त्याच चित्रपटात लेक्स ल्यूथर हा खलनायक त्यांनी रंगवला, आणि तो इतका जिवंत रंगवला की चाचणीत हुकलेली भूमिका आणि मिळालेली भूमिका यांचा हिशेब मांडण्याची गरजच उरली नाही.

प्रसिद्ध नट न घेण्याचा विचार १९७८ मध्येही झाला होता. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांनी रीव्ह यांना निवडले तेव्हा श्रेयनामावलीत आधी मार्लन ब्रँडो आणि जीन हॅकमन यांची नावे झळकली आणि प्रत्यक्ष नायकाचे नाव त्यांच्यानंतर आले. ज्याच्या चेहऱ्यावर आधीच्या भूमिकांचा ठसा नाही असा नट घेतला की प्रेक्षकाला नट न दिसता थेट सुपरमॅन दिसतो, हे त्यामागचे साधे आणि शहाणपणाचे गणित आहे.

आतापर्यंत ही भूमिका किती जणांनी केली?

मोठ्या पडद्यापुरते पाहिले तर १९४८ आणि १९५० च्या मालिकापटांत कर्क ॲलिन, १९५१ च्या चित्रपटात आणि नंतर दूरचित्रवाणीवर जॉर्ज रीव्ह्ज, १९७८ ते १९८७ या काळात चार चित्रपटांत क्रिस्टोफर रीव्ह, २००६ मध्ये ब्रँडन राउथ, २०१३ पासून हेन्री कॅविल आणि आता डेव्हिड कोरेन्स्वेट. जॉर्ज रीव्ह्ज आणि क्रिस्टोफर रीव्ह यांच्या आडनावांत साम्य असले तरी त्यांचे काही नाते नव्हते. मूळ व्यक्तिरेखा जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी निर्माण केली आणि ती १९३८ मध्ये चित्रकथेच्या अंकातून वाचकांसमोर आली. म्हणजे आज जिवंत असलेल्या बहुतेक चाहत्यांपेक्षा ही व्यक्तिरेखा वयाने मोठी आहे.

नवा नट जाहीर झाला की लोक इतके चिडतात का?

चिडतात, आणि दर वेळी चिडतात. १९८९ च्या ‘बॅटमॅन’साठी मायकेल कीटन यांचे नाव जाहीर झाले तेव्हा ते विनोदी भूमिकांसाठी ओळखले जात आणि निर्मात्या कंपनीकडे निषेधाच्या पत्रांचा खच पडला. पुढे काय झाले? तो चित्रपट अफाट चालला आणि त्याच कीटन यांना २०२३ मध्ये पुन्हा तो मुखवटा चढवताना पाहण्यासाठी लोकांनी तिकिटे काढली. हीथ लेजर यांची बॅटमॅनचा खलनायक जोकर या भूमिकेसाठी निवड झाली तेव्हाही शंका घेणारे कमी नव्हते. २००८ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले, त्याच वर्षी चित्रपट आला आणि २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर ऑस्कर मिळाले. बॅटमॅन म्हणून निवडलेल्या रॉबर्ट पॅटिन्सन यांच्याविषयी २०१९ मध्ये जे बोलले गेले ते २०२२ मध्ये चित्रपट आल्यावर फारसे कोणी पुन्हा बोलले नाही.

याचा अर्थ प्रत्येक नवी निवड योग्यच ठरते, असा मुळीच नाही. ब्रँडन राउथ यांनी २००६ मध्ये मनापासून काम केले, पण त्यांना रीव्ह यांची छबी पुढे न्यायला सांगितले गेले आणि स्वतःचे काही शोधायला जागा फार थोडी मिळाली. चित्रपट पाहण्याआधी व्यक्त झालेला राग मात्र बहुतेक वेळा आधीच्या नटावरच्या प्रेमातून येतो. कोरेन्स्वेट यांचे पोशाखातले पहिले छायाचित्र मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ते खुर्चीवर बसून बूट चढवताना दिसत होते, आणि एवढ्याशा छायाचित्रावरून कापड सैल आहे, नट थकलेला दिसतो, असे निष्कर्ष काढले गेले. एका स्थिरचित्रावरून अभिनय जोखता येत नाही, हे नाटकाच्या प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

मग नव्या नटाचा अभिनय जोखायचा तरी कसा?

या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावेसे वाटते, कारण ‘जुना बरा की नवा बरा’ या वादात हाच प्रश्न मागे राहतो. आमच्या मते रीव्ह, कॅविल आणि कोरेन्स्वेट या तिन्ही नटांचे एकेक दृश्य शेजारी ठेवून पाहावे.

१९७८ च्या चित्रपटात पत्रकार लोइस लेनच्या घरातले एक छोटे दृश्य आहे. लोइस आतल्या खोलीत गेली आहे आणि बाहेर क्लार्क केंट, म्हणजे चष्मा लावून साधा पत्रकार म्हणून वावरणारा सुपरमॅन, एकटा उभा आहे. तो चष्मा काढतो, खांदे मागे जातात, पाठ ताठ होते, उंची वाढल्यासारखी वाटते आणि आवाज खोल होतो. आता हा खरे सांगून टाकणार, असे वाटत असतानाच त्याचा धीर सुटतो, चष्मा पुन्हा डोळ्यांवर येतो आणि तो माणूस पाहता पाहता आक्रसून जातो. कोणतीही करामत नाही, दोरी नाही, पोशाखसुद्धा बदललेला नाही. केवळ पाठीचा कणा आणि कंठ एवढ्यावर रीव्ह यांनी दोन माणसे उभी केली. चष्मा लावल्याने कोणी ओळखू कसे येत नाही, या नेहमीच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

कॅविल यांच्या २०१३ च्या चित्रपटात पहिल्या उड्डाणाचे दृश्य पाहावे. बर्फात एक गुडघा टेकून, मूठ जमिनीला लावून तो झेप घेतो आणि हवेत गेल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे हसू फुटते ते लहान मुलाचे असते. एरवी हा सुपरमॅन आपल्याच ताकदीच्या ओझ्याखाली वावरतो. शेवटी झॉड या खलनायकाला मारल्यानंतरची त्याची किंकाळी ऐकली की हे ओझे किती जड आहे ते कळते. एकटेपण हा कॅविल यांचा खास प्रांत होता आणि त्यांच्या चाहत्यांना ते जे आवडले ते योग्यच आवडले.

आता कोरेन्स्वेट. पुन्हा लोइसचेच घर, पण येथे तिला त्याचे गुपित आधीच ठाऊक आहे. ती ध्वनिमुद्रण सुरू करते आणि सुपरमॅन म्हणून मुलाखत दे, असे सांगते. सुरुवातीला तो हसतखेळत, किंचित भारदस्त आवाज लावून उत्तरे देतो. मग बोराव्हिया आणि जऱ्हानपूर या दोन देशांमधल्या युद्धात त्याने कोणालाही न विचारता हस्तक्षेप केला, त्यावर ती एकामागून एक प्रश्न टाकू लागते आणि त्याचा तो भारदस्त आवाज गळून पडतो. तो चिडतो, अडखळतो, माणसे मरणार होती, एवढेच पुन्हा पुन्हा सांगतो. रीव्ह यांनी एकाच शरीरात दोन माणसे दाखवली होती. कोरेन्स्वेट यांनी ती दोन माणसे मुळात एकच आहेत हे दाखवले, आणि हे दाखवण्यासाठी लोइस साकारणाऱ्या रेचेल ब्रॉस्नहन यांच्यासारखी तोडीस तोड सहकलाकार समोर होती, हेही नमूद करायला हवे. आम्हाला हे दृश्य उड्डाणांच्या आणि पडझडीच्या सगळ्या दृश्यांहून मोठे वाटते.

तेव्हा जोखताना, हा आधीच्यासारखा आहे का, असे विचारण्यापेक्षा, आधीच्यांना न दिसलेले यात याला काय दिसले, असे विचारावे.

मराठी रंगभूमीशी याची तुलना करता येईल का?

अवश्य करता येईल. १९७० मध्ये ‘नटसम्राट’ रंगमंचावर आले तेव्हा डॉ. श्रीराम लागू यांचे आप्पासाहेब बेलवलकर पाहून दुसरे कोणी ही भूमिका करू शकेल, असे प्रेक्षकांना वाटले नसेल. पण पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ती केली आणि २०१६ मध्ये चित्रपटात नाना पाटेकर यांनी केली. ज्या घरातल्या आजोबांनी लागू पाहिले, मुलाने दत्ता भट पाहिले आणि नातवाला नानांचे आप्पासाहेब पाठ आहेत, त्या घरात यावर जेवताना वाद होतो. पण भूमिका बाटली, असे कोणी म्हणत नाही. नाटकवाल्यांच्या भाषेत याला सरळ ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात आणि रिप्लेसमेंटला आलेल्या नटाला पहिल्या प्रयोगाला टाळी जपून मिळते, हे हुतात्मा स्मृती मंदिरात बसणारा प्रेक्षक जाणतो. फरक एवढाच की नाटकात शिरवाडकरांची संहिता तीच राहते, तर सुपरमॅनच्या बाबतीत नटाबरोबर कथा, दिग्दर्शक आणि सूरही बदलतो. त्यामुळे नव्या नटाला थोडी अधिक मोकळीक मिळते आणि जबाबदारीही अधिक येते.

आधीचे चित्रपट पाहिल्याशिवाय हा समजेल का?

समजेल. कथा नव्याने सुरू होते आणि कॅविल यांच्या चित्रपटांशी तिचा संबंध नाही. वेळ असेल तर १९७८ चा चित्रपट आवर्जून पाहावा. नव्या चित्रपटात जॉन विल्यम्स यांनी तेव्हा रचलेल्या संगीताची सुरावट ऐकू येते आणि क्रिस्टोफर रीव्ह यांचे पुत्र विल रीव्ह हे वार्ताहराच्या भूमिकेत क्षणभर दिसतात. जुन्याला वंदन करून नव्याने आपली जागा घेण्याची ही पद्धत आपल्याकडच्या गुरुपरंपरेत वाढलेल्या माणसाला लगेच जवळची वाटते.

कोणत्या भाषेत पाहावा?

भारतात हा चित्रपट इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगू भाषांत प्रदर्शित झाला. मराठी आवृत्ती आली नाही, याची खंत वाटते. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात आणि पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू चित्रपट आवडीने पाहिले जातात, त्यामुळे तेलुगू आवृत्तीचा पर्याय इथे उपयोगाचा आहे. मात्र नव्या नटाविषयी मत बनवायचे असेल तर एकदा तरी मूळ इंग्रजी पाहावे. भाषांतरित आवृत्तीत चेहरा कोरेन्स्वेट यांचा आणि आवाज दुसऱ्या कलावंताचा असतो. मुलाखतीच्या ज्या दृश्याविषयी वर लिहिले आहे त्यातले अर्धे काम आवाजाचे आहे.

भारतात चित्रपटातला काही भाग कापला होता का?

होय. सुपरमॅन आणि लोइस यांच्या चुंबनाच्या दृश्यांतला सुमारे ३३ सेकंदांचा भाग परीक्षण मंडळाने काढायला लावला होता. कथा त्यामुळे अडत नाही, पण दोन कलावंतांनी चित्रपटभर जुळवत आणलेल्या नात्याला शेवटी झटका बसतो.

कॅप्टन अमेरिका आणि ब्लॅक पँथर यांचे काय? तिथेही नट बदललाच ना?

हे प्रकार वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत होते. फेब्रुवारी २०२५ च्या चित्रपटात अँथनी मॅकी कॅप्टन अमेरिका झाले, पण त्यांची व्यक्तिरेखा सॅम विल्सन ही आधीपासून वेगळी होती. कॅप्टन अमेरिकाची ओळख असलेली ढाल एका पात्राने दुसऱ्या पात्राला दिली. ब्लॅक पँथरची भूमिका करणारे चॅडविक बोसमन यांचे २८ ऑगस्ट २०२० रोजी निधन झाले. त्यानंतर त्या जागी दुसरा नट न घेता कथेतही राजाचा मृत्यू दाखवण्यात आला आणि २०२२ च्या चित्रपटात लेटिशिया राइट यांनी रंगवलेल्या शुरी या बहिणीने तो मुखवटा स्वीकारला. सुपरमॅनच्या बाबतीत पात्र तेच राहिले आणि नट बदलला. स्पायडरमॅनच्या बाबतीत तर टोबी मॅग्वायर, अँड्रयू गारफील्ड आणि टॉम हॉलंड हे तिघेही २०२१ मध्ये एकाच चित्रपटात एकत्र आले. तो चित्रपट पाहताना ज्यांनी आपापल्या स्पायडरमॅनसाठी शिट्ट्या वाजवल्या, त्यांनी तिघांवरही एकाच वेळी प्रेम करता येते हे अनुभवले आहे.

मुलाला स्नेहसंमेलनात सुपरमॅन व्हायचे आहे. जुना पोशाख शिवावा की नवा?

नवा शिवावा, आणि त्याला कारण आहे. कॅविल यांच्या पोशाखाचा निळा रंग गडद होता आणि त्यात लाल चड्डी नव्हती. कोरेन्स्वेट यांच्या पोशाखात ती परत आली आहे. दिग्दर्शक गन यांना तिच्याविषयी शंका होती, पण डोळ्यांतून किरण सोडणाऱ्या परग्रहावरच्या माणसाला मुलांनी घाबरू नये, म्हणून तो मुद्दाम असा भडक आणि मजेशीर पोशाख घालत असेल, असे कोरेन्स्वेट यांनी त्यांना पटवले. नटाने पोशाखातून व्यक्तिरेखा शोधली, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

सोलापुरात शाळांचे गणवेश मोठ्या प्रमाणावर शिवले जातात, त्यामुळे चांगला कारागीर मिळण्याची अडचण नाही. टेरिकॉट घेऊ नये, त्यात मुलाला हात वर करता येत नाहीत. ताणले जाणारे लायक्रा मिश्रित होजिअरी कापड घ्यावे. नव्या पोशाखाला उभी कॉलर आहे. लाल झूल त्या कॉलरला न शिवता दोन्ही खांद्यांवर वेल्क्रोने लावावी, म्हणजे कोणी मागून ओढली तरी गळ्याला फास बसणार नाही. छातीवरचे चिन्ह रंगवण्याऐवजी कापून शिवून घ्यावे, कारण ताणल्या जाणाऱ्या कापडावर रंग तडकतो. झुलीची लांबी पोटरीच्या वर ठेवावी.

एकांकिकेत दुसऱ्याची भूमिका ऐन वेळी करावी लागली, तर यातून काही घेता येईल का?

महाविद्यालयांतल्या मुलामुलींकडून हा प्रश्न येतो. आधीच्या प्रयोगाचे चित्रीकरण पहिले काही दिवस पाहू नये. संहिता वाचावी आणि ते पात्र प्रत्येक प्रवेशात काय मागते आहे ते स्वतः लिहून काढावे. हालचाली मात्र आधीच्याच ठेवाव्यात, कारण सहकलाकारांची आणि प्रकाशयोजनेची सवय त्यांवर बसलेली असते. आधीच्या नटाचा हशा जिथे येत असे तिथे थांबून वाट पाहू नये. तो हशा त्याच्या लयीचा होता. शक्य असेल तर त्या नटाला भेटून भूमिकेविषयी बोलावे आणि अभिनयाची नक्कल करून दाखवायला मात्र सांगू नये.

कोरेन्स्वेट यांचा पुढचा सुपरमॅन कधी?

पहिल्या चित्रपटाने जगभरात ६० कोटी डॉलरहून अधिक कमाई केल्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये गन यांनी ‘मॅन ऑफ टुमॉरो’ या पुढच्या चित्रपटाची घोषणा केली. त्यासाठी ९ जुलै २०२७ ही तारीख जाहीर झाली आहे आणि त्यात सुपरमॅनबरोबर निकोलस होल्ट यांचा लेक्स ल्यूथरही असणार आहे.